पालथ्या पातेल्याखालचा सेल

१

आगाश्यांच्या ओट्यावर एक पातेलं पालथं पडलं होतं आणि घरातलं कोणीच ते उचलायला तयार नव्हतं.

पातेलं वरणाचं. त्याच्या कडेखालून काळा ओघळ बाहेर आला होता, ओट्याच्या पांढऱ्या फळीवर ताटाएवढा डाग पडला होता, आणि वास असा, की मला जिन्यातच कळलं, हे फोडणी करपल्याचं प्रकरण नाही. छताला लावलेला राउखमेल्डर, म्हणजे धुराचा भोंगा, कोणीतरी काढून सोफ्यावर उशीखाली दाबून ठेवला होता. तो तिथूनही मधूनमधून कुरकुरत होता.

"बाबांचा सेल फुटला. नंदाला घेऊन ये," एवढंच उत्कर्ष फोनवर म्हणाला होता. जर्मनीतल्या या इंगोलश्टाटमध्ये मराठी घरं मोजकी, त्यामुळे कोणाकडे काही फुटलं, की फोन आधी एकमेकांना जातो आणि मग इमारतीचा कारभार बघणाऱ्या हाउसफेरवाल्टुंगला. पण त्याला मी नको होतो, माझी बायको हवी होती. नंदा इथल्या एका प्रयोगशाळेत गाड्यांच्या बॅटऱ्या तपासते. तपासते म्हणजे मारते. सेल तापवते, चेपते, त्यात खिळा घुसवते, आणि तो मेला की का मेला ते शोधून काढते. आमच्या लग्नाच्या बोलणीत हे माझ्या आईला कसं सांगावं, या विचाराने तिच्या घरचे बराच वेळ नुसते चहा पीत बसले होते.

घरात पाच माणसं. उत्कर्ष आणि त्याची बायको स्वानंदी, त्यांचा सात महिन्यांचा नील, उत्कर्षचे वडील शरदचंद्रकाका आणि स्वानंदीची आई विभावरीकाकू. एकीकडचे आजोबा, दुसरीकडची आजी, दोघंही नातवासाठी मे महिन्यात आलेले. सोमवारपासून स्वानंदी कामावर परत जाणार होती आणि ऑगस्टमध्ये किटात, म्हणजे इथल्या पाळणाघरात, जागा मिळेपर्यंत नीलला ही दोघं सांभाळणार होती.

काका आले तेव्हा खोकत आले. आयुष्यभराची सिगारेट. हृदयात एक स्टेंट. स्वानंदीने विमानतळावरच सांगितलं, "बाबा, नीलला घ्यायचं असेल तर सिगारेट नाही." काकांनी खिशातलं पाकीट तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि दुसऱ्या दिवशी कासावीस होऊन बसले. तेव्हा उत्कर्षने त्यांना एका दुकानात नेऊन दोन सेलचं, मुठीएवढं वेपचं, म्हणजे ई-सिगारेटचं, यंत्र घेऊन दिलं. बेत असा, की लिक्विडमधलं निकोटीन टप्प्याटप्प्याने उतरवत आणायचं आणि परत जायच्या आधी शून्यावर यायचं. कारण भारतात या यंत्राला बंदी. तिथे गेल्यावर मिळेल ती फक्त सिगारेट.

काका आता शेवटच्या टप्प्यावर होते.

"बाबा, तुम्ही शब्द दिला होतात," स्वानंदी म्हणाली. नील तिच्या खांद्यावर होता आणि ती त्याला उगाचच थोपटत होती. "स्वयंपाकघरात कोणी असल्याशिवाय चार्जिंग करायचं नाही. आपण सगळे पार्कात, आणि इथे हे. नीलला बरं नसतं तर मी त्याला घेऊन घरीच थांबले असते."

"चुकलं माझं," काका म्हणाले. "लावला आणि विसरलो. उत्कर्ष, मंगळवारचं तिकीट बघ. मी जातो पुण्याला."

"बाबा, अहो असं काय..."

"बघ म्हटलं ना."

मंगळवारी काका गेले, तर पुण्याच्या रिकाम्या फ्लॅटवर पोचायच्या आधी कोपऱ्यावरच्या टपरीवर थांबणार, हे तिथे सगळ्यांना दिसत होतं. स्वानंदीलासुद्धा. पण तिने त्यांना थांबवलं नाही, आणि मला तिचा राग आला नाही. कडेवर पोर असताना माणसाने किती समजूतदार व्हायचं?

नंदाने हातमोजे चढवले आणि पातेलं उचललं. खाली चार्जर होता, चार खणांचा, त्यातला एक खण वितळून खाली बसलेला. त्या खणात एक सेल. आपल्या पेन्सिल-सेलपेक्षा जाड आणि लांब, अंगठ्यासारखा. वरचं प्लॅस्टिकचं वेष्टन जळून गेलेलं, नुसतं काळं नळकांडं उरलेलं. बाकीचे तीन खण रिकामे.

तिने तो चिमट्याने काढला आणि ओट्यावर उभा केला. मग उलटा करून उभा केला. तो कलंडला. पुन्हा केला, पुन्हा कलंडला.

"उज्ज्वल," ती मला हळूच म्हणाली, "काका खोटं बोलतायत."

२

काका बाल्कनीत खुर्चीवर बसले होते. सदऱ्याच्या खिशात चष्म्याची डबी होती आणि तिच्या वजनाने खिसा खाली ओढला गेला होता. आम्ही आलो तसा त्यांनी खिशावर हात ठेवला.

"काका, तुमचे बाकीचे सेल बघू का?" नंदाने विचारलं.

काका जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. एक्स्चेंजची बॅटरी-रूम त्यांच्याकडे. वीज गेली तरी गावाचे फोन चालू राहायचे ते त्या बॅटऱ्यांवर, आणि त्यातली एकही आपल्या हातून मेली नाही, हे ते पहिल्या भेटीत सांगायचे, दुसऱ्या भेटीतही सांगायचे. त्यामुळे वेपचे सहा सेल हाती आल्यावर त्यांना जणू नोकरी परत मिळाली. सहा सेलच्या त्यांनी तीन जोड्या लावल्या. जोडीने वापरायचे, जोडीने चार्ज करायचे, एकाला सोडून दुसऱ्याला कधी लावायचं नाही. कारण एक ताजा आणि एक दमलेला असे एकत्र घातले, की दमलेल्याचे हाल होतात. प्रत्येक जोडीला वेगळ्या रंगाचं वेष्टन, स्वानंदीच्या हेअर ड्रायरने आवळून बसवलेलं. त्या ड्रायरवरून जूनमध्ये एक छोटं युद्ध झालं होतं.

आणि जोड्यांना नावं. हिरवी उत्कर्ष-स्वानंदीची, निळी व्याही-विहिणीची, लाल त्यांची स्वतःची आणि सुधाकाकूंची. सुधाकाकू जाऊन चार वर्षं झाली. प्रत्येक सेलवर मार्करने एकेक अक्षर.

काकांनी प्लॅस्टिकचा डबा उघडला आणि सेल टेबलावर ओळीने उभे केले, सैनिकांची कवायत घेतल्यासारखे. काही सुलटे, काही उलटे. दोन हिरवे, दोन निळे. लाल एकच, 'श'.

"म्हणजे जळला तो 'सु'," नंदा म्हणाली.

"हो."

"आणि 'श' डब्यात होता. जोडी सोडून तुम्ही एकटा 'सु' लावलात?"

"घाईत होतो."

"काका, एक्स्चेंजमध्ये तुमच्या हाताखालच्या माणसाने असं केलं असतं तर?"

"त्याला बॅटरी-रूमबाहेर काढला असता," काका ताडकन म्हणाले. खाली रस्त्यावरून एक सायकल गेली. "काढलाच की स्वतःला. मंगळवारी."

नंदाने एका हिरव्या सेलकडे नुसतं एकदा पाहिलं, जो टेबलावर डोक्यावर उभा होता आणि अजिबात हलत नव्हता.

३

खालच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई फ्राऊ त्सिर्नगिब्ल यांनी आज या घराची अब्रू आणि ओटा दोन्ही वाचवलं होतं. वय सत्तरीचं, हाताला केकचं पीठ, आणि दुपारच्या शांततेत राउखमेल्डर किंचाळल्याचा राग अजून ताजा. स्वानंदीने जादा किल्ली त्यांच्याकडे ठेवलेली. कुंड्यांना पाणी घालायला.

त्यांच्या दारात नंदाने जर्मनमध्ये विचारलं, त्यांनी इथल्या बवेरियन बोलीत सांगितलं, आणि मला निम्मं कळलं. आत आले तर चार्जरमधून ठिणग्या आणि धूर. समोर दिसलं ते पातेलं उचललं आणि घातलं पालथं. खिडकी उघडली. वीज बंद केली.

"प्लग ओढला का?" नंदाने विचारलं.

"छे, त्या धुरात हात कोण घालणार? एक्स्टेन्शन बोर्डाचं बटण. ते लाल पेटलेलं होतं. तेच बंद केलं."

"लाल पेटलेलं होतं. नक्की?"

"गेनाऊ! अगदी नक्की! म्हणून तर मला दिसलं." मग त्यांनी आवाज खाली आणला. "ते म्हातारे गृहस्थ फार सभ्य आहेत. जिन्यात भेटले की दार धरतात. त्यांना ओरडू नका म्हणावं."

परत येताना नंदा जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबली.

"उज्ज्वल, आपल्याकडे प्रत्येक सॉकेटला बटण असतं. इथे नसतं. इथे प्लग आत गेला की वीज चालूच. काकांना ते पहिल्या दिवसापासून खुपतंय. म्हणून त्यांनी उत्कर्षला बटणाचा बोर्ड आणायला लावला."

"मग?"

"काका एक वेळ चष्मा विसरतील, पण बटण चालू ठेवून घराबाहेर पडतील?"

मला आठवलं. काका आमच्या घरी जेवायला आले, की जाताना आमचीही बटणं बंद करून जातात. गेल्या वेळी वायफायसुद्धा.

"मग कोणी दाबलं?" मी विचारलं.

"ते सांगणारं माणूस सापडेल," ती म्हणाली. "पण आधी मला बाबागाडी बघायची आहे."

४

बाबागाडी दारातच होती. तिच्या दांडीला एक छोटा पंखा चिमट्याने लावलेला, नीलला वारा घालायला. नंदाने त्याचं बटण दाबलं. पंखा ढिम्म.

विभावरीकाकू आतल्या खोलीत नीलला मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि त्याला सुपरमार्केटच्या जाहिरातीच्या घडीने वारा घालत होत्या.

"काय हा देश!" त्या म्हणाल्या. "गाड्या बनवतात जगाच्या, आणि घराच्या छताला पंखा म्हणून नाही. पोराला घामोळं आलंय बघ."

"काकू, बाबागाडीचा पंखा बंद पडला का?"

काकूंचा हात थांबला. मग पुन्हा सुरू झाला, जरा जास्तच जोरात. "काल रात्री चालू राहून गेला. सकाळी मेलेला. होईल काहीतरी. व्याह्यांचं काय ठरलं गं? जातायत खरंच? मी स्वानंदीला म्हटलं, एवढं टोचून बोलू नये. पण ती तरी काय करील बिचारी, रात्र रात्र झोप नाही तिला."

"काका गेले तर तुम्हाला एकटीला सोमवारपासून जड जाईल."

"जड कसलं! पण..." काकू नीलकडे बघत राहिल्या. "भांडायला कोणी नाही राहणार."

ओट्याच्या दुसऱ्या टोकाला एक ताट होतं. काकूंनी दह्यात भिजवलेल्या मिरच्या त्यात पसरून ठेवलेल्या, अर्धवट सुकलेल्या. इंगोलश्टाटच्या उन्हात मिरच्या सुकवायचा हट्ट फक्त काकूच करू जाणे. मिरच्या अगदी शेजारी शेजारी लावलेल्या, शाळेतल्या मुलींसारख्या. फक्त मधोमध अंगठ्याएवढी जागा रिकामी होती.

नंदा त्या रिकाम्या जागेकडे इतका वेळ बघत राहिली, की मी एक मिरची उचलून त्या जागी ठेवली. तिने माझ्या हातावर चापट मारली.

"पुरावा आहे तो," ती म्हणाली.

५

माझं स्वतःचं मत तोवर पक्कं झालं होतं, आणि मी ते नंदाला बाल्कनीच्या दाराआड सांगितलं. गुन्हेगार उत्कर्ष. त्याला वडिलांचं वेपिंग मनातून आवडत नाही, म्हणून काहीतरी भानगड करून ते यंत्रच घरातून घालवायचा डाव.

"उत्कर्षला डाव टाकता येत असता," नंदा म्हणाली, "तर तो तुझ्याशी कॅरममध्ये हरला नसता."

पण तिने त्याला बोलावलं. तो बिचारा विमानाच्या तिकिटाचं पान उघडून बसला होता आणि शेवटचं बटण दाबत नव्हता.

"निघताना स्वयंपाकघरातून शेवटचा बाहेर कोण पडला?"

"मीच. बाबा आणि स्वानंदीची आई नीलला घेऊन आधी खाली उतरले होते. मग स्वानंदी खिडक्या लावून गेली. मी बाटल्या स्टेरिलायझरमध्ये घातल्या, तो सुरू केला आणि कुलूप लावलं. आल्झो, म्हणजे, तो आपोआप बंद होतो, त्यात काही धोका नाही."

"स्टेरिलायझर कुठे लावलाय?"

"बोर्डाला." त्याने ओट्याकडे पाहिलं. चार्जरची वायर आणि स्टेरिलायझरची वायर त्याच बोर्डात जात होत्या, शेजारी शेजारी. त्याचा चेहरा पडला. "नंदा, बटण मी दाबलं."

"हो."

"पण चार्जरमध्ये सेल असेल असं... बाबा कधीच ठेवत नाहीत गं!"

"कधीच ठेवत नाहीत," नंदा म्हणाली. "आजही ठेवला नव्हता. सगळ्यांना बाहेर बोलाव. आणि ते तिकिटाचं पान बंद कर आधी."

६

सगळे जेवणाच्या टेबलाभोवती बसले. नंदाने मधोमध तीन गोष्टी ठेवल्या. जळका चार्जर, मिरच्यांचं ताट आणि बाबागाडीचा पंखा. मी चहा केला, कारण माझ्याकडे दुसरं काम नव्हतं.

"काका, चार्जरच्या पाठीवर बारीक अक्षरं आहेत. वाचता?"

काकांनी वाकून सुरुवातीचे आकडे वाचले.

"छान. चष्मा डोळ्यांवर आहे," नंदा म्हणाली. "मग खिशातली डबी एवढी जड कशी? दुपारपासून खिसा ओढला जातोय. आणि सुटा सेल खिशात ठेवायचा नाही, किल्ल्या-नाणी लागून पेटतो, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. म्हणजे ठेवायचाच झाला तर तुम्ही डबीत घालून ठेवणार."

काकांनी डबी काढली, उघडली आणि टेबलावर ठेवली. आत मऊ फडक्यात गुंडाळलेला लाल सेल होता. त्यावर 'सु'.

"बाबा!" उत्कर्ष म्हणाला.

"काकांचे सहाच्या सहा सेल शाबूत आहेत," नंदा म्हणाली. "जळला तो यांचा नाहीच. काकांच्या सेलची दोन्ही टोकं सपाट आहेत, ते डोक्यावरही उभे राहतात. हा राहत नाही. याच्या टोकाला बटणासारखा उंचवटा आहे. असे सेल स्वस्तातल्या टॉर्चमध्ये असतात. पंख्यांमध्ये असतात." तिने बाबागाडीच्या पंख्याचं झाकण सरकवलं. आत खण रिकामा. "काकांनी परत आल्याबरोबर ते ओळखलं. पातेल्याची कड उचलून बघितली असणार. आणि एक सेल कमी दिसावा म्हणून स्वतःच्या जोडीतला काढून लपवला."

"पण का?" स्वानंदीने विचारलं. तिचा आवाज उतरला होता. "बाबा, खोटं का बोललात?"

काका चहाच्या कपाशी चाळा करत राहिले. "सकाळी मिरच्यांच्या ताटात तो सेल मी बघितला होता," ते म्हणाले. "विहीणबाईंनी उन्हात ठेवलेला. म्हटलं, एकट्या असताना सांगू, लेकीसमोर नको. मग निघायच्या गडबडीत राहिलं. परत आलो तर हे. मला वाटलं, ऊन दाखवून झालं आणि मग यांनी चार्जरला लावला." त्यांनी सुनेकडे पाहिलं. "सोमवारपासून नील यांच्याजवळ राहणार. तू ऑफिसात बसून दर घटकेला घाबरत बसली असतीस. माझ्याबद्दल घाबरलीस, तर मी जाऊ शकतो. आईबद्दल घाबरलीस, तर पोराला ठेवणार कोणाकडे?"

विभावरीकाकूंचे डोळे भरून आले होते, पण त्या रडल्या नाहीत. त्या एकदम उठूनच उभ्या राहिल्या.

"व्याहीबुवा, उन्हात ठेवला तो मी, कबूल! आमच्याकडे टॉर्चचे सेल असेच उन्हात ठेवायचे, आणखी चार दिवस चालायचे. परत आल्यापासून तो ताटात नव्हता, तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. पण तुमच्या त्या चार्जरला मी हातसुद्धा लावलेला नाही. नीलची शपथ!"

काका त्यांच्याकडे बघतच राहिले. ज्या अपराधासाठी ते पुण्याला निघाले होते, तो विहीणबाईंनी केलेलाच नव्हता.

७

"मग कोणी लावला?" उत्कर्ष म्हणाला.

नंदाने ताट पुढे ओढलं. "हे ताट सकाळी कुठे होतं, काकू?"

"खिडकीत. ऊन तिथेच येतं."

"आणि आता ओट्यावर आहे. इथे घराबाहेर पडताना खिडक्या लावतात. आणि खिडकी लावायची, तर ताट उचलावं लागणार."

सगळ्यांनी स्वानंदीकडे पाहिलं. ती नीलच्या टाळूवरून हात फिरवत होती. मग तो हात थांबला.

"ताट मी उचललं," ती सावकाश म्हणाली. "त्यात काहीतरी... अगं, सेल होता. मिरच्यांमध्ये. मला वाटलं बाबांचा. बाबा म्हणतात ना, सेल कधी उन्हात ठेवायचा नाही. म्हणून उचलला, पुसला आणि..." तिने डोळे मिटले. "जागच्या जागी ठेवला. चार्जरमध्ये. बटण बंद होतं, मी बघितलं होतं. मला उलट बरंच वाटलं, की बाबांचा सेल वाचवला."

"आणि मग मी स्टेरिलायझर लावला," उत्कर्ष म्हणाला.

नंदाने बाकीचं समजावून सांगितलं. पंखा रात्रभर फिरून सेल पार निचरून गेला होता. असा मेलेला सेल हा चार्जर घेत नाही, दिवा लुकलुकवून परत पाठवतो. पण थोडा विसावा मिळाला, की मेलेल्या सेलचंही व्होल्टेज किंचित वर येतं. त्यालाच काकूंच्या घरी उन्हाचा गुण म्हणत असत. साध्या टॉर्चच्या सेलला त्याने काही होत नाही. हा लिथियमचा होता, आतून बिघडलेला आणि वरून बरा दिसणारा. चार्जर फसला आणि त्याने वीज सोडली.

"म्हणजे गुन्हेगार कोण?" मी विचारलं, कारण कोणीतरी विचारायला हवं होतं.

"आजीने नातवाला वारा मिळावा म्हणून सेल उन्हात ठेवला. सुनेने सासऱ्यांचा समजून जपून ठेवला. बापाने पोराच्या बाटल्या उकळायला लावल्या," नंदा म्हणाली. "या घरात आज फक्त एकाच माणसाने काही केलेलं नाही, आणि ते माणूस मंगळवारी निघालंय."

स्वानंदी उठली. नीलला तिने काकांच्या मांडीवर ठेवलं. आल्यापासून काका त्याला घ्यायच्या आधी हात धुतात, तोंड धुतात, सदरा बदलतात. आज तिने त्यांना तेवढा वेळच दिला नाही.

"बाबा, मी फार बोलले तुम्हाला."

"आई झाल्यावर बोलायलाच हवं, बाळा. माझी सुधाही बोलायची."

"तुम्ही कुठेही जाणार नाही आहात. शून्यावर आल्याशिवाय तर नाहीच."

"ओट्याचं काय?" काका म्हणाले. "घरमालक..."

"ओट्याचं विमेवाले बघतील," उत्कर्ष म्हणाला, आणि त्याने फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

विभावरीकाकूंनी मिरच्यांचं ताट उचललं आणि मधली रिकामी जागा बोटाने सारखी केली. "रविवारी तळते," त्या म्हणाल्या. "दहीभाताबरोबर. आणि व्याहीबुवा, पुन्हा माझ्यासाठी खोटं बोललात तर गाठ माझ्याशी आहे."

"बरं," काका म्हणाले. तेवढ्यात नील त्यांच्या चष्म्याला लोंबकळला.

८

काका जुलैअखेर शून्यावर आले. त्यानंतरही काही दिवस नुसती वाफ ओढत होते, सवयीने, मग तेही सुटलं. खोकला गेला. विभावरीकाकूंशी त्यांची रोज दुपारी भांडणं होत आणि नील ती मन लावून ऐके.

परतीच्या आदल्या दिवशी ते नंदाला म्हणाले, सेलचं काय ते नीट करून जातो, मागे ठेवून तुम्हाला घोर नको. आम्ही सगळेच गेलो, का कोण जाणे. सुपरमार्केटच्या दाराशी जुन्या बॅटऱ्या टाकायची पेटी असते. काकांनी घरूनच प्रत्येक सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून आणली होती, अगदी कडेला कड जुळवून. नंदाने एक हातात घेऊन बघितला आणि म्हणाली, आमच्या प्रयोगशाळेतही कोणी इतकी नीट लावत नाही. काका खूश झाले आणि बॅटरी-रूमची गोष्ट पुन्हा सांगितली.

हिरवे दोन टाकले. निळे दोन टाकले. विभावरीकाकू म्हणाल्या, "घ्या, आमची बोळवण झाली."

लाल जोडी काकांच्या हातात राहिली. 'श' आणि 'सु'. मागून एक बाई ट्रॉली घेऊन आली, आमच्याकडे बघितलं आणि वळसा घालून आत गेली. काकांनी खिशातून चिकटपट्टी काढली आणि दोन्ही सेल एकमेकांना शेजारी शेजारी बांधले. घट्ट, दोन वेढे देऊन.

"काका, असं बांधायची गरज नसते," मी म्हणालो. नंदाने माझा हात दाबला.

"माहीत आहे," काका म्हणाले. "पण एक आधी आणि एक नंतर, असं नको. आमचं एकदा तसं झालंय, तेवढं पुरे."

त्यांनी जोडी पेटीत सोडली, ती खाली पोचल्याचा आवाज ऐकला, आणि स्वानंदीकडे हात पसरले. तिने नीलला त्यांच्याकडे दिलं.